जमा: एक बैल

वहीची पहिली पानं वाळवीनं वाचली,
उरलेली मी.
म्हणजे मी नव्हे, मला मोडी लागत नाही;
साखळीचे भालचंद्र मास्तर चष्मा कपाळावर चढवून
बोटानं ओळी ओढत गेले:
बेळगावचा दस्तगीर, बैल चौदा, वर मीठ.
पेज सहा माणसांची.
जनावरामागे दोन रेइस.
बाजूला डाग. पाऊस असेल, नाहीतर पेजच.

घाटाच्या पायथ्याचं आमचं हे घर
तसं घर नव्हतंच कधी.
चार खांब, चुडतांचं छप्पर,
भोवती भोकं पाडलेले जांभ्याचे दगड, दावं ओवायला.
वहीत एकवीस आहेत. मी सतरा मोजले.
बाकीचे गावात कुणाच्या तरी पायरीत असतील.

सगुण गावस आधी नुसतं पाणी द्यायचा.
लोक बसायला लागले,
बसल्यावर त्यांना भूक लागली,
मग चुलीवर तांदूळ चढला.
धर्म आणि धंदा यांच्यामधली भिंत
आमच्याकडे कुडाचीच होती.

वर जाताना मीठ, नारळ, सुकी सुंगटं.
खाली येताना मिरची, गूळ, हुलगे
आणि घाटावरचा थंडीताप.
रात्री एकाच ओट्यावर
या टोकाला लिंगायत वाणी, त्या टोकाला दस्तगीर,
मध्ये जकातीचा शिपाई कायतान, बूट उशाला घेऊन.
कुणी कुणाच्या हातचं खात नव्हतं.
तपकिरीची डबी मात्र फिरायची.

आणि मग हे पान:
कार्तिक वद्य सप्तमी. खानापूरचा मल्लाप्पा कोरी.
एक बैल लंगडा. दोन रात्री, पेज, तेल, नालबंद.
पैसे नाहीत. बैल ठेवून गेला.
जमा: एक बैल.
परतल्यावर हिशेब.
खाली चार बोटं जागा कोरी सोडलेली.

मास्तर पानं उलटत राहिले.
दर नव्या वहीच्या डोक्यावर
मागील बाकी: एक बैल.
बैल अकराव्या वर्षी मेला, तेही लिहिलंय,
पुरायला दोन गडी लागले, त्यांची मजुरीही.
पुढच्या पाडव्याला पुन्हा
मागील बाकी: एक बैल.

एक दिवस कामियांव आली,
शिंगं नसताना शिंग फुंकत.
ड्रायव्हर झोपत नाहीत, त्यांना गवत लागत नाही.
सगुणच्या फोंडूनं ओट्यावर बाटल्या मांडल्या,
हुर्राक, सोडा, उकडलेली अंडी.
मग सरहद्दच बंद झाली.
त्या वर्षांच्या वहीत तारखा आहेत, माणसं नाहीत.
फोंडू रोज तारीख लिहायचा,
आणि रात्री कंदील लावायचा रस्त्याकडे तोंड करून,
ज्या रस्त्यावर बंदूकवाल्यांशिवाय कुणी नव्हतं.

आता माझं चहाचं दुकान.
तिसऱ्या दगडावर लाल रंगानं आकडा टाकून गेलेत,
रुंदीकरणात एवढं जाणार.
गल्ल्यावर टांगलेली बैलाची घाट
एका कळंगुटवाल्याला हवी होती रेस्टॉरंटसाठी.
पाच हजार म्हणाला.
मी म्हटलं, आमची नव्हे ती.
मग कुणाची?
नाव सांगितलं. तो हसला,
आणि म्हणाला, ही गोष्टही द्या सोबत, सहा देतो.

रविवारी घाटावरच्या गाड्या वळणावर थांबतात.
मी कप विसळता विसळता विचारतो,
खानापूरचे काय?
बहुतेक हुबळीचे असतात, धारवाडचे.
एकजण हो म्हणाला होता, पण पाटील निघाला,
आणि त्याला लघवीला कुठं जायचं एवढंच हवं होतं.

यंदा वही आणली नाही.
मुलगा मोबाइलवर हिशेब ठेवतो,
दूध, साखर, गॅस, सगळं भराभर घालतो.
काल पाडवा. म्हटलं, पहिली ओळ मी सांगतो.
त्यानं टाइप केलं,
आणि अडला.
पुढं जाऊ देत नाही, म्हणाला,
रक्कम विचारतंय.
किती घालू?